पाणवठ्यावरचा पहारा

मराठी गौळणीतून, लावणीतून आणि चित्रपटगीतांतून घागर काढून घेतली तर मागे काय उरेल, याची गंमत म्हणून एकदा कल्पना करून पाहावी. निम्म्या नायिकांना घराबाहेर पडावयास निमित्त उरणार नाही, आणि कृष्णाला अडवावयास वाट उरणार नाही. आपल्या कवितेत पाणवठा ही फार पूर्वीपासून शृंगाराची जागा आहे. डोईवर घागर, कमरेवर कळशी आणि पायाखाली ओली पायवाट एवढ्या भांडवलावर कवींच्या कित्येक पिढ्यांनी संसार केला. त्यात वावगे काहीच नाही. बाईमाणसाला चार शब्द मोकळेपणी बोलता येतील अशी दुसरी जागा गावात होती कोठे? पण त्या घागरीचे वजन किती, आणि जिला त्या विहिरीची पायरीच उतरता येत नव्हती तिने आपली घागर कोठे भरली, हे दोन प्रश्न त्या कवितेने विचारले नाहीत.

त्यांतला पहिला प्रश्न संतकथांना सुचला होता. जनाबाईच्या घरी विठ्ठल पाणी भरतो. पैठणास एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या होऊन आलेला कृष्ण बारा वर्षे कावडीने पाणी वाहतो. देवाने भक्ताच्या घरी राबावे असे लोककल्पनेच्या मनात आले, तेव्हा तिने त्याला हिशेबाच्या वह्या लिहावयास बसविले नाही. पाणी भरावयास लावले. या कामाचे मोल लोकांना पक्के ठाऊक होते. रामेश्वराला न्यावयाचे काशीचे पाणी नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथाही आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. ती ऐकून ज्यांचे डोळे ओलावत, त्यांच्याच गावात शेजारच्या माणसाला विहिरीच्या काठावर ओंजळ धरून तासन् तास बसावे लागे, वरून कोणी तरी पाणी घालील या आशेने. कथेतील गाढवाचे नशीब थोर म्हणावयाचे!

दुसरा प्रश्न, म्हणजे पाणी कोणाला आणि कोणाच्या हुकमाने, हा आपल्या वाङ्मयात कसा येतो ते पाहावे असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. पाहिल्यावर जे दिसले ते थोडक्यात असे, की पाणवठ्यावर पहारा करणारा माणूस डोळ्यांना दिसतो तेथवर मराठी लेखक त्याला नेमका टिपतो. तोच पहारा कागदाच्या, ठरावाच्या, नळाच्या चावीच्या रूपाने येऊ लागला, की लेखणी अडखळते आणि पाण्याची गोष्ट एक तर दैवाची होते, नाही तर विनोदाची.

दैवाची म्हणताना आपल्या घरातल्याच एका कहाणीची आठवण होते. श्रावणात वाचली जाणारी शीतळासप्तमीची कहाणी पुष्कळांना पाठ असेल. राजाने गाव वसविले, तळे बांधले. तळ्याला पाणी काही लागेना. जलदेवतांनी सुनेच्या वडील मुलाचा बळी मागितला. राजाने काय केले? सुनेला माहेरी धाडले आणि नातवाला ठेवून घेतले. त्याला न्हाऊमाखू घालून तळ्यात ठेवले आणि पाणी लागले. पुढे सून परत येताना तळ्याची पूजा करते आणि मूल तिला परत मिळते, म्हणून ऐकणाऱ्या बायकांचा जीव खाली पडतो. पण मधला भाग विसरू नये. सार्वजनिक कामाचा निर्णय कोणी घेतला, किंमत कोणी मोजली, आणि जिने मोजली तिला विचारले होते काय, या तिन्ही गोष्टी त्या चिमुकल्या कहाणीत लख्ख आहेत. राज्यकारभाराविषयी इतके स्वच्छ आणि इतक्या थोडक्यात लिहिलेले मराठीत फारसे नसेल. पूजा करून मूल परत मिळते एवढेच काय ते कहाणीतले. बाहेर ते मिळत नाही.

आता महाडच्या तळ्याकडे येऊ. चवदार तळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते: २० मार्च १९२७, रणरणते ऊन, हजारोंचा जमाव, आणि तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी पिणारे डॉ. आंबेडकर. कवितांनी, गीतांनी, शिल्पांनी ही ओंजळ अजरामर केली आहे, आणि ती तशी व्हावयासच हवी होती. पण ती ओंजळ म्हणजे त्या गोष्टीचा मध्य आहे. आरंभ आणि शेवट दोन्ही कचेरीत आहेत.

आरंभ असा. १९२३ च्या ऑगस्टात सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला, की सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव संमत झाला. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने आपलाही ठराव करून तळे खुले केले. म्हणजे १९२७ च्या मार्चमध्ये ते लोक जे करावयास निघाले ते तीन वर्षे कागदावर कायदेशीरच होते. फक्त कोणाच्याने ते करवले नव्हते. नगरपालिकेने परवानगी दिली होती, पण परवानगी वापरणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी कोणावर हे मात्र ठरावात लिहिले नव्हते. पाणी पिऊन लोक परतू लागले तेव्हा गावात त्यांना मारहाण झाली, आणि मग तळे शुद्ध करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. घागरीचा हा उपयोग आमच्या शृंगारकवींना कधी सुचला नव्हता.

आणि शेवट? त्याच वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद भरावयाच्या आधी काही सवर्ण गृहस्थांनी दावा लावला, की तळे सार्वजनिक नाहीच, आणि न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर मात्र कोणी गेले नाही. कलेक्टर आले, चर्चा झाली, आणि न्यायालयाचा मान राखावा असे ठरले. पुढे दावा महाडच्या न्यायालयातून ठाण्यास आणि तेथून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि काळची रूढी सिद्ध होत नाही, असा अंतिम निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या ठरावापासून मोजले तर ही चौदा वर्षे झाली. तळ्याचे पाणी तेच, गाव तेच. मधल्या काळात फिरत राहिला तो कागद.

चरित्रकारांनी हे कागद जपले आहेत. चां. भ. खैरमोडे यांच्या चरित्रखंडांत असा तपशील मिळतो, आणि तो वाचताना एखादी कादंबरी वाचावी तसे मन ओढले जाते. पण त्या दहा वर्षांवर, त्या वकिलांवर, ठराव करून मागे घेणाऱ्या नगरपालिकेच्या सभासदांवर लिहिलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. ठराव करताना हात वर करणारा आणि तीन वर्षांनी तो रद्द करतानाही हात वर करणारा एखादा सभासद असेलच की! तो दुष्ट नसेल. रात्री जेवताना तो बायकोला काय म्हणाला असेल? इतके मोठे पात्र आमच्या कथाकारांनी दाराशी ताटकळत ठेवले आहे.

खुद्द डॉ. आंबेडकरांना मात्र हे पात्र चांगले ओळखता येत होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या इंग्रजी आठवणींत शाळेतल्या नळाचा प्रसंग आहे. इतर मुले तहान लागली की मास्तरांना विचारून नळावर जात. या मुलाला मास्तरांची परवानगी पुरत नसे. नळ सोडावयास शिपाई लागे. शिपाई आला नाही त्या दिवशी पाणी नाही. येथे विहीर नाही, तळे नाही, लाठी घेतलेला कोणी नाही. सरकारी शाळा आहे, नळ आहे, नळाला पाणीही आहे, आणि सारे एका चाकरमान्याच्या हजेरीवर अवलंबून आहे. पाण्याच्या विषमतेत राज्यकारभार कोठे आणि कसा शिरतो हे मला या प्रसंगाइतके दुसऱ्या कशाने समजले नाही.

याच्याशेजारी प्रेमचंदांची ‘ठाकूर का कुआँ’ ही १९३२ ची हिंदी कथा ठेवून पाहावी. आजारी नवऱ्यासाठी गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर चोरून जाते, दार उघडल्याचा आवाज होताच दोर सोडून पळते, आणि घरी येऊन पाहते तो नवरा तेच घाण पाणी पीत असतो. कथा अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण तिच्यात पहारा ठाकुराचा आहे. दार त्याचे, भीती त्याची. आपल्याकडील दलित आत्मकथने, दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, यांनी हा दिसणारा पहारा आतून दाखविला आणि मराठी गद्याचा पाणवठा कायमचा बदलून टाकला. त्यांच्यानंतर कोणी घागरीवर नुसतीच गोड कविता लिहिली तर ती वाचणाऱ्याला थोडी अवघडल्यासारखी वाटते. एवढा पालट साहित्याच्या हातून क्वचित घडतो.

ग्रामीण कादंबरीचे तसे झाले नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मला अतिशय आवडते; त्या माळाचा रंग, मेंढरांचा वास आणि कारभाऱ्याचे बोलणे मराठीत दुसऱ्या कोणाला साधलेले नाही. पण तिच्यातल्या एका गोष्टीने मला नेहमी कोड्यात टाकले आहे. मास्तर गावाकडून तालीम बांधवून घेतो आणि तिच्यासाठी संस्थानचे राजेसाहेब वाडीवर येतात. पुढे पाऊस पडत नाही, माणसे मेंढरे घेऊन जगावयास निघून जातात, वाडी ओस पडते. तेव्हा मात्र कोणी येत नाही, आणि कोणी यावयास हवे होते असे कादंबरीत कोणाच्या मनातही येत नाही. तालीम राजाकडे मागावयाची आणि पाणी आभाळाकडे, हा त्या लोकांचा जीवनक्रमच होता असे म्हणता येईल. लेखकाने तो जसा पाहिला तसा मांडला. ते मान्य. पण पुढच्या दुष्काळकथांनी हाच धडा गिरवला, आणि १९७२ च्या दुष्काळानंतरही कित्येक वर्षे आमच्या कथेतला शेतकरी ढगाकडेच बघत बसला. कालवा कोणाच्या शेताकडे वळला हे बघावयास त्याला लेखकाने मान वळवू दिली नाही.

मान वळविणारे अर्थातच होते. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या बाईचे गीत लिहिले. धरणाच्या भिंतीवर राबणारी तीच बाई थेंबभर पाण्यासाठी वणवण करते, हा त्याचा गाभा. शीतळासप्तमीच्या कहाणीतली ती बिननावाची सून येथे पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलू लागते असे मला वाटते. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची कचेरी, तिथले हेलपाटे, नकाशे आणि कारकून कादंबरीत आणले. कलाकृती म्हणून ती जागोजाग पसरते, भाषणे लांबतात, हे मी लपविणार नाही. पण पाण्याची गोष्ट कागदावर घडते हे तिने ओळखले, आणि एवढ्यासाठी तिचे पसरणे मी सोशीन.

हे गावाकडचे झाले. शहरात विहीर गेली आणि नळ आला, आणि मराठी साहित्याने नळाकडे पाहून हसावयास सुरुवात केली. चाळीतला नळ, त्यावरची रांग, त्यावरची भांडणे हा आमच्या विनोदाचा हुकमी विषय. हसण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. पण ज्या चाळीवर आपण हसलो तिला नळ होता, आणि त्याला ठरल्या वेळी पाणी येई. त्याच्या पलीकडची वस्ती जयवंत दळवींच्या ‘चक्र’मध्ये (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’त (१९६९) आली. तिथली माणसे जिवंत आहेत, त्यांच्या वासना आणि त्यांची भूक खरी आहे. पण ती पाणी कोठून आणतात, त्याचे पैसे कोणाला देतात, नळ का मिळत नाही, याची विचारपूस कादंबरीकार ओझरती करतो. वस्तीचे दैन्य जणू हवामानासारखे, आपोआप आलेले.

ते आपोआप आलेले नसते. मुंबईचेच पाहू. तिला रोज अंदाजे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते. विहारचा तलाव १८६० चा, तुळशीचा १८७९ चा, तानसा १८९२ चा. पुढे मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. यांतले तानसा आणि भातसा हे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईत आलेल्या पाण्याचे पुढे वाटप होते ते तासांनी. अमुक भागाला अमुक वेळ, आणि त्या वेळा ज्याच्या हातातल्या चावीने सांभाळल्या जातात त्याला लोक चावीवाला म्हणतात. दिवाळीच्या पहाटे उटणे लावून, कारीट फोडून अभ्यंगस्नानाला बसताना कोणाच्या मनातही येणार नाही, की आपल्याकडे पाणी पहाटे आले हा कोणी तरी घेतलेला निर्णय आहे. जिथे नळाची वेळ दुपारची, तिथे अभ्यंगस्नान आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पिंपावर होते.

ज्यांना नळच नाही त्यांची गोष्ट आणखी निराळी. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपडीला नळजोडणी नाही, असा मुंबईत वर्षानुवर्षे नियम होता. तान्ह्या मुलाची तहान १ जानेवारी २००० च्या आधीची की नंतरची, हे कागद पाहून ठरे. पाणी हक्क समितीने याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात पाणी येते, म्हणून अनधिकृत वस्तीलाही ते नाकारता येणार नाही. त्याच निकालात असेही आहे, की या लोकांना अधिकृत रहिवाशांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही आणि त्यांना दर अधिक लावता येईल. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण २०२२ च्या मे महिन्यात जाहीर झाले. महाडचे तळे आठवून हा क्रम वाचावा: आधी हक्क, मग त्याची अट, मग वर्षे. निखिल आनंद यांनी ‘हायड्रॉलिक सिटी’ (२०१७) या इंग्रजी ग्रंथात मुंबईतल्या एका वस्तीत नळ कसा येतो, त्यासाठी अभियंता, नगरसेवक आणि प्लंबर यांच्याकडे किती खेटे घालावे लागतात, ते सविस्तर लिहिले आहे. हा मजकूर मराठीत, कथारूपाने, आधीच यावयास हवा होता. बोलणारी माणसे तर आपल्याच भाषेत बोलत होती.

पाण्याचे निदान एवढे तरी लिहिले गेले. शौचकूपाचे नाव काढताच आमची भाषा ओचे सावरते. बहिर्दिशेस जाणे, परसाकडे जाणे, असे शब्दांचे आडोसे आपण हौसेने उभारले. ज्या बाईला खराखुरा आडोसा नव्हता आणि म्हणून उजाडण्यापूर्वी व अंधार पडल्यावरच जावे लागे, तिच्याविषयी कथेत ओळ सापडली तर नशीब. २०११ च्या सुमारास मुंबईत स्त्रियांनी सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्काची चळवळ सुरू केली. पुरुषांना जे फुकट ते बायकांना पैसे देऊन, एवढा साधा त्यांचा मुद्दा होता. पुष्कळ सभ्य वाचकांना त्या चळवळीच्या नावाचीच लाज वाटली.

आणि हे साफ कोण करतो? १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले तेव्हा ते त्यांना नाकारण्यात आले, कारण ते त्यांच्या जातीचे काम नव्हे! त्यासाठी त्यांना उपास करावा लागला, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडले. जात पाळण्याचे काम परक्या सरकारचे तुरुंगखातेही किती निष्ठेने करीत होते ते पाहा. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला १९९३ मध्ये, दुसरा अधिक कडक झाला २०१३ मध्ये. त्यानंतरही गटारांत माणसे उतरत राहिली आणि गुदमरून मरत राहिली.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) ही गटारे कवितेत आणली, आणि कवितेला वास येतो म्हणून नाके मुरडली गेली. पण या विषयावर मला सर्वांत पुरी वाटलेली कलाकृती पुस्तक नाही, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट आहे. एक वृद्ध शाहीर आरोपी आहे. त्याचे गाणे ऐकून एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप. सारा चित्रपट तारखांत, जबान्यांत, दुपारच्या सुस्त न्यायालयात चालतो. मग कामगाराची विधवा साक्षीला येते. ती रडत नाही. तिच्या उत्तरांतून हळूहळू कळते, की आत उतरताना अंगावर कसलेही साधन नसे. तो आधी गटारात खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाही, आली तर आत जगता येईल असे समजे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आणि तो वास सोसावा म्हणून दारू पिई. ती मराठीत सांगते, आणि न्यायाधीश ते इंग्रजी करून टंकलेखकाला सांगत जातात. प्रत्येक उत्तर कागदावर जाताना थोडे थोडे निवते. संगीत नाही, कोणाचा धिक्कार नाही. ज्याने त्याला आत उतरविले ते खाते पडद्यावर एकदाही माणसाच्या रूपात येत नाही, आणि तरी प्रत्येक चौकटीत ते बसून आहे.

आमच्या कादंबरीकारांनी हा चित्रपट दोनदा पाहावा, आणि दुसऱ्या खेपेस आरोपीकडे न पाहता फायलींकडे पाहावे. शहापूरच्या डोंगरातून निघून मुंबईच्या एखाद्या टेकडीवरच्या शेवटच्या नळापर्यंत येणारी ती लोखंडी वाहिनी, तिच्या कडेने वसलेली आणि तिच्यातले पाणी न मिळणारी घरे, ठराविक वेळी खांद्यावर लांब चावी टाकून येणारा तो माणूस: त्याला पगार किती, तो स्वतः राहतो त्या वस्तीत पाणी किती वाजता येते, आणि सणाच्या आदल्या रात्री कोण कोण त्याच्या दारी येऊन बसते, एवढ्या तीन गोष्टींपासून कोणालाही लिहावयास बसता येईल.